नीमाचं म्हणणं कोणी सांगायचं?

तुमच्या गावात सिंह येतात का, हा प्रश्न नीमाला विचारणारी मी काही पहिली नव्हते. तिने न रागावता इंग्रजीत उत्तर दिलं. "नाही येत, काकू. पण परवाच्या पेपरात होतं की चंद्रपुरात वाघ रस्त्यात बसला म्हणून गाड्या थांबल्या. मग घाबरायचं कोणी, मी का तुम्ही?" आमची गाडी तेव्हा हिंगणघाट सोडून पुढे निघाली होती. मी पर्समधून संत्रं काढलं आणि मुकाट्याने सोलायला घेतलं.

मी सांगलीची. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर शब्दकोडी सोडवायला लागले. माझी भाची नागपूरला प्राध्यापक आहे. तिच्याकडे शिकायला आलेली नीमा टांझानियाची, चोवीस वर्षांची. गावाने मिळून जंगल कसं सांभाळायचं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. गडचिरोलीतल्या एका गावची ग्रामसभा तिला बघायची होती आणि सोबत इंग्रजीचं मराठी करणारं कोणीतरी हवं होतं. भाचीने फोन केला, "मावशी, फेब्रुवारीचा शेवट आहे, ऊन अजून सोसण्यासारखं आहे. जातेस का?" विदर्भ मी तोवर फक्त हवामानाच्या बातम्यांत ऐकला होता. लगेच हो म्हणून बसले.

दुभाषी म्हणून माझी पंचाईत पहिल्याच दिवशी झाली. नीमाला मोडकंतोडकं मराठी येत होतं, आणि तेही हॉस्टेलच्या मेसमध्ये शिकलेलं. "मले भूक नाई," असं ती बोलायची. मी हाडाची शिक्षिका, "मला म्हणावं" असं सुधारायला गेले, तर समोरच्या बाकावरच्या बाईंनी मलाच ऐकवलं. "राहू द्या ना मॅडम, बरोबर त बोलून राह्यली पोरगी." त्या डब्यात चुकीचं मराठी बोलणारी मी एकटीच होते.

माजरी

माजरीला सुनंदाकडे मुक्काम होता. सुनंदा ही शिक्षकांच्या एका शिबिरात भेटलेली आणि पुढे पत्रांतून टिकलेली माझी मैत्रीण. तिचे यजमान कोळसा खाणीत नोकरी करून निवृत्त झालेत. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि दोन्ही मुलांच्या पदवीदानाचे फोटो. सुनंदा दारात "जयभीम" म्हणाली, नीमानेही हात जोडून "जयभीम" म्हटलं, आणि त्यानंतर त्या घरात पाहुणी ती होती आणि मी तिचं सामान होते.

त्या घराची एक सवय मला फार आवडली. खुर्चीवर बसण्याआधी, ताट मांडण्याआधी, वाळलेला कपडा घडी करण्याआधी प्रत्येकजण नकळत तळहाताने एकदा पुसून घेतो. कोळशाची बारीक भुकटी सतत उडत असते. जेवायला सांभारवडी होती, म्हणजे आत ठासून कोथिंबीर भरलेली तळलेली वडी. मी तीन खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हटलं, ते कोणी ऐकलं नाही.

दुपारी सुनंदाच्या यजमानांनी आम्हा तिघींना एका मातीच्या ढिगावर नेलं. तिथून खाण दिसते. एवढा मोठा खड्डा मी जन्मात पाहिला नव्हता. तळाशी चालणारे डंपर खेळण्यातल्यासारखे दिसत होते. नीमाने सुनंदाला विचारलं, "इथे आधी काय होतं?"

"वावर होतं आमचं. त्या तिकडच्या कडेले."

"ते द्यायचं कोणी ठरवलं?"

"सासऱ्यानं. मी तवा नवीनच लग्न होऊन आली होती. मले कोण विचारते?" सुनंदा पदराने चष्मा पुसत म्हणाली. "विचारलं असतं तरी मी होच म्हटली असती. पोराईचं शिक्षण याच्यातूनच झालं. पण विचारलं पाहिजे होतं का नाई?"

मी हे इंग्रजीत करून सांगायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. नीमाला सगळं कळलं होतं. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना तिने स्वतःहून तिची गोष्ट मला इंग्रजीत सांगितली.

तिच्या गावाचं स्वतःचं जंगल आहे. त्या जंगलाचं काय करायचं हे गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या सभेत ठरतं. तिथे आता एक लोणारी कोळशाचा व्यापारी आलाय. झाडं तोडून, जाळून, कोळसा पोत्यांत भरून शहरात विकायचा त्याचा धंदा. तीन वर्षं जंगल द्या, मी तुम्हाला विहीर खोदून देतो, असं त्याचं म्हणणं. नीमाचे वडील गावच्या पंचांपैकी एक आणि ते व्यापाऱ्याच्या बाजूने. "माझे बाबा वाईट नाहीत," ती म्हणाली. "मी शाळेत जायच्या आधी रोज लांबून डोक्यावर पाणी आणायचे. आई वारल्यावर तर मी एकटीच. त्यांना विहीर हवीय, कारण त्यांनी माझी मान बघितलीय." लहान भाऊ शहरात असतो. घरी आता वडील एकटेच.

गावातली तरुण पोरं मात्र जंगल द्यायच्या विरोधात होती. बराका नावाचा तिचा मित्र तिथल्या शाळेत शिक्षक आहे. त्याने पोरांना घेऊन घरोघर फिरून अंदाज काढला होता. हात वर करायची वेळ आली तर तरुणांची बाजू जेमतेम पुढे होती. ती पक्की करायला नीमाने फोनवर भाषण रेकॉर्ड करून पाठवायचं आणि बराकाने ते सभेत भोंग्यावर लावायचं, असं ठरलं होतं. परदेशी शिकायला गेलेली गावातली ती पहिली मुलगी, तिचं लोक ऐकतील. सभा येत्या शनिवारी होती.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

तिने कप खाली ठेवला. व्यापाऱ्याने तिच्या वडिलांना आपल्या गाडीतून दुसऱ्या एका गावाला नेलं होतं, तिथली विहीर दाखवायला. वडिलांनी विहीर बघितली. त्या विहिरीला पाणी नव्हतं, आणि तोडलेली झाडं पुन्हा फुटली नव्हती, हेही बघितलं. ते त्यांनी एकदा फोनवर नीमाला बोलून दाखवलं. सभेत मात्र आजवर सांगितलं नाही. त्यावरून बापलेकीचं भांडण झालं आणि गेले दोन महिने बोलणं बंद होतं. "भाषणात मी ते सांगितलंय," ती म्हणाली. "नावानिशी. ते सांगितलं की आम्ही जिंकणार."

भाषण तयार होतं. फक्त इथल्या ग्रामसभेचे दोन शब्द त्याला जोडायचे होते, त्यासाठीही हा सगळा प्रवास. घरची गोष्ट भोंग्यावर लावायची म्हणजे फारच झालं, असं मला वाटलं. पण व्यापाऱ्याचा राग त्याहून जास्त आला होता.

गडचिरोली

गडचिरोलीला एस.टी.ने पोचलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. पान एक नाही, नुसती केशरी फुलं. नीमा म्हणाली, आमच्याकडेही याच दिवसांत असं निष्पर्ण झाड लाल होतं, नाव मात्र तिला आठवेना. जेवायला एका खानावळीत भात आणि सुकलेल्या झिंग्यांची भाजी मिळाली. मी वासाला बिचकले. नीमाने दोनदा मागून घेतली. बाहेर शाळेतल्या तीन मुलींनी येऊन तिच्या वेण्यांना हात लावून पाहिला आणि एकीने विचारलं, "ताई, हे रोज घालता का?" महिन्यातून एकदा, असं कळल्यावर ती शेजारी उभ्या असलेल्या आपल्या आईकडे अशा नजरेने बघायला लागली की त्या माऊलीची मला कीव आली.

दुसऱ्या दिवशी एटापल्लीच्या वाटेवर पोलिसांनी गाडी थांबवली. नेहमीचीच तपासणी. कोवळा शिपाई होता. त्याने नाव विचारलं. "नीमा? हे त आपल्याच इकडचं नाव आहे. मग पासपोर्ट काऊन?" मग वर बघितलं, स्वतःच हसला, कागद नीट वाचले आणि पाण्याची बाटली भरून घ्या, पुढे मिळत नाही, असं सांगून सोडलं.

एटापल्लीच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही. तसं मला तिथल्या लोकांनीच सांगितलं. "लिहाल त गाड्या भरभरून लोक पाहाले येतात, मग त्याईले चहा कोण पाजल?"

आम्हाला न्यायला मंगली आली होती. गावातली पहिली पदवीधर, ग्रामसभेचं लिहिणं-वाचणं तीच बघते. गाडीरस्ता संपल्यावर तासभर चालायचं होतं. सागाची पानं गळून खाली खच पडला होता, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. झाडं नीमाला अनोळखी होती, पण वारूळ दिसताच ती थांबली. पावसाळ्यात पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडतात त्या आम्ही पकडून भाजून खातो, असं तिने सांगितलं. "आमी बी," मंगली म्हणाली. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगलीची भेळ कशी असते ते सांगितलं, पण त्यात दम नव्हता.

उतरलो बिर्जूभाऊंच्या घरी. साठीचे, काटक, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी सोमारीबाई त्यांची कसर भरून काढतात. नीमाने दोघांना "शिकामू" म्हटलं. तिच्या देशात मोठ्या माणसाला हे म्हणावंच लागतं. अर्थ विचारला तर म्हणे, तुमच्या पाया पडते. नुसतं म्हणायचं, वाकायचं नाही. समोरच्याने "मराहाबा" म्हटल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. माझ्या गुडघ्यांचा विचार करता ही पद्धत आपल्याकडे यायला हवी.

सोमारीबाईंनी तांदळाच्या कण्यांची घट्ट शिजवलेली पेज आणि बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी वाढली. त्या कोंबांना इकडे वास्ते म्हणतात. वाळवून ठेवलेले होते. नीमाने पेजेचा गोळा हातात वळला, अंगठ्याने त्याला खळगा पाडला आणि त्यात भाजी उचलली. सोमारीबाई बघतच राहिल्या. "हे त आमच्या घरचं पोरगं वाटते," त्या मला म्हणाल्या. "तुमीच पाहुण्या दिसता." तोवर माझ्या हातावरून रस्सा कोपरापर्यंत पोचला होता.

ग्रामसभा सकाळी गोटुलात बसली. गोटुल म्हणजे गावाची बसायची जागा, वर कौलं, चारी बाजूंनी उघडी. एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष, मधे मंगली वही घेऊन. मोबाईलची रेंज अख्ख्या गावात फक्त तिथल्या एका खांबापाशी येते, म्हणून त्या खांबाला एक कापडी पिशवी टांगलेली आणि तीत सगळ्या गावाचे फोन. बोलणं गोंडीत चाले. मंगली हळूच मराठीत सांगे, मी नीमाला इंग्रजीत सांगे.

विषय डोंगराकडच्या बांबूचा होता. या वर्षी तोडून विकायचा, का ठेवायचा. बिर्जूभाऊ तोडायच्या बाजूने होते. त्यांनी वाढवलेला पुतण्या चैतू गडचिरोलीत गाडी चालवतो, तो ठेवायच्या बाजूचा. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याने मंगलीला आधीच सांगून ठेवलं होतं, की वेळ आली की फोन लाव आणि आवाज मोठा कर.

मंगलीने तसं केलं. खांबापाशी उभं राहून तिने फोन वर धरला आणि शेजारी बसलेल्या मला हळूच सांगत राहिली. चैतूचा आवाज खणखणीत आला. जोहार घातला, मुद्दे मांडले. चांगलं बोलत होता पोरगा. नीमा पुढे सरकून ऐकायला लागली. पण सभेत कोणी मान हलवीना. बाया काडीने जमिनीवर रेघा ओढत बसल्या. दोन म्हातारे फोनकडे पाठ करून तंबाखू मळायला लागले. चैतू मधेच थांबला. "हॅलो? आवाज येऊन राह्यला का?" कोणी हूं की चूं केलं नाही. त्याने दोनदा विचारलं आणि पुन्हा बोलायला लागला, पण आता आवाजातला जोर गेला होता.

तो संपल्यावर एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "बंद कर तो. याच्या घरून कोण बसलं आहे?"

बिर्जूभाऊ उठले. मला वाटलं, आता काका पुतण्याला झापणार. त्यांनी तसं केलं नाही. हे चैतूचं, असं म्हणून त्यांनी त्याचं म्हणणं पहिल्यापासून सांगितलं. डोंगराकडचा बांबू दोन वर्षं ठेवा, अजून कोवळा आहे. आता तोडला तर पुढच्या पावसाळ्यात बायांना वास्ते मिळणार नाहीत. गाडीरस्ता होईपर्यंत थांबलो तर भाव स्वतः ठरवता येईल. आणि शेवटी, चेहरा अजिबात न हलवता, "माझा काका घाई करून राह्यला, कारण त्याले यंदा पोरीचं लगन उरकाचं आहे." बाया खो खो हसल्या. चैतूने फोनवर हे जसंच्या तसं म्हटलं होतं, मंगलीने मला तेव्हाच सांगितलं होतं. बिर्जूभाऊ हसू ओसरेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "हे त्याचं झालं. आता माझं." आणि मग पुतण्याचा एकेक मुद्दा त्यांनी खोडून काढला.

मंगली मला म्हणाली, "हे पहिल्यापासूनच आहे मॅडम. जो नाई येऊ शकत, त्याचं घरचं माणूस सांगते. चैतूदादाले माहीत होतं, पण त्याले वाटलं आता फोन आला त चालते. चूक माझी पण आहे, मीच फोन लावला."

दुपार टळून गेली तरी सभा चालूच होती. शेवटी मंगलीने वहीत लिहिलं, की बोलणं झालं, ठरलं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचं. मी चक्रावले. आमच्या सोसायटीत लिफ्टचा निर्णय व्हॉट्सॲपवर अंगठे मोजून दहा मिनिटांत झाला होता. हे मी जरा अभिमानानेच सांगितलं. "मग लिफ्ट चालू आहे?" मंगलीने विचारलं. लिफ्ट बंद आहे. तळमजल्यावरचे तिघे देखभालीचे पैसे देत नाहीत, ते म्हणतात आम्हाला कोणी विचारलं होतं.

नीमा जेवायला बसली, पण घास नुसता वळत राहिली. बिर्जूभाऊंनी ते हेरलं. "काऊन, पोरी?" तिने आपल्या तोडक्या मराठीत आणि उरलेलं माझ्या तोंडून त्यांना सगळं सांगितलं. जंगल, विहीर, शनिवार, भोंगा. वडिलांनी लपवलेली गोष्टसुद्धा.

ते घास चावत ऐकत होते. "तुझ्या घरून सभेत कोण बसते?"

"बाबाच. दुसरं कोणी नाई."

"मग तेच सांगतील."

"पण ते दुसऱ्या बाजूचे आहेत," मी मधे पडले. मला राहवेना. "त्यांच्याच विरुद्धची गोष्ट ते कशी सांगतील? आणि नाही सांगितली तर जंगल जाईल." नीमाला मी इंग्रजीत बजावलं, की भाषण लाव, ज्या वेळी जे हातात आहे ते वापरावं. शाळेत मुलांना सांगायचे त्याच सुरात.

"चैतू पण माझ्या बाजूचा नाई," बिर्जूभाऊ म्हणाले.

"आणि नीट नाई सांगितलं तर?" हे नीमाने विचारलं.

बिर्जूभाऊंनी शेवटचा घास उचलला. "तो विचार त्यानं कराचा. तुझा बाप आहे, तुले जास्त माहीत." मग पाण्याचा तांब्या उचलता उचलता म्हणाले, "तुमी भोंगा लावून जिंकसान. पण जे हरतीन, ते जंगल राखतीन का? त्याईलेच तिथी राहाचं आहे ना."

मी उठून ताटं गोळा करायला लागले. बहुधा त्या प्रवासात पहिल्यांदाच.

सकाळी नीमा खांबापाशी गेली. मी गोटुलाच्या पायरीवर बसले. स्वाहिली मला कळत नाही, म्हणून तिलाही माझं बसणं चाललं. फोन लागला. ती म्हणाली, "शिकामू, बाबा." आणि थांबली. इतकी थांबली की रेंज गेली असं मला वाटलं. तिने डोळे मिटून खांबाला कपाळ टेकवलं होतं. मग पलीकडून बारीक आवाज आला, आणि तिचे खांदे खाली आले. त्यांनी मराहाबा म्हटलं होतं.

ती दहा-पंधरा मिनिटं बोलली. शेवटी एकदा ती काहीतरी ठामपणे म्हणाली आणि फोन कानापासून दूर धरून त्याकडे बघत राहिली.

"मी सगळं सांगितलं, एकेक मुद्दा," ती माझ्याजवळ येऊन बसली. "म्हटलं, माझ्या घरून तुम्हीच आहात, तुम्हीच सांगा. त्यांनी विचारलं, त्या विहिरीचं पण? मी म्हटलं, ते पण. मग त्यांनी फोन ठेवला."

"सांगतील?"

"माहीत नाही, काकू."

मग तिने बराकाला फोन करून भाषण येणार नाही, भोंगा लावू नकोस म्हणून सांगितलं. त्याचं ओरडणं मला पायरीवर ऐकू आलं. तू तिकडे बसून आम्हाला हरवलंस, असं तो म्हणाल्याचं तिने सांगितलं. त्याचं काय चुकलं? ती पोरं महिनाभर घरोघर फिरली होती. मलासुद्धा आतून तसंच वाटत होतं. परतीच्या सबंध वाटेत वारुळं, पळस, काही काही मला गोड लागलं नाही. एका मुलीने हातातला डाव सोडून दिला आणि तो अशा माणसाच्या हातात दिला, ज्याने तो उधळला तरी कोणी त्याला काही म्हणणार नव्हतं.

पुन्हा माजरी

शनिवारी आम्ही सुनंदाकडे होतो. तिथली सभा सकाळची, म्हणजे आपली दुपार. सुनंदाने नीमाला कामाला लावलं, तांदूळ निवडायला दिले. तिने निवडलेलेच तांदूळ तीन वेळा निवडले. सुनंदाला मी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माह्या सासऱ्याले मी असं सांगाले लावलं असतं त त्यानं सांगितलं असतं का, हाच इचार करून राह्यली मी." आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

चार वाजता बराकाचा फोन आला. नीमा उभी राहून ऐकत होती, मधेमधे आमच्यासाठी थांबून सांगत होती. तिचे वडील सभेत उठले. टोपी काढून हातात घेतली. माझी मुलगी इथे नाही, तिचं मी सांगतो, असं म्हणाले. लोकांत जरा कुजबुज झाली, व्यापारी खुर्चीत हसला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. जंगल, पाणी, पोरांची पुढची वर्षं, एकेक मुद्दा, ओळीने. शेवटी ते त्या दुसऱ्या गावाच्या विहिरीवर आले. ती कोरडी होती, म्हणाले. झाडांची खोडं काळी पडली होती. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि तुमच्यापासून लपवलं, असं माझ्या मुलीचं म्हणणं आहे.

एका पंचाने विचारलं, हे तिचं झालं, तुझं काय?

बराका म्हणाला, त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. आणि मग काही न बोलता खाली बसले.

त्या दिवशी हात वर करायला कोणी सांगितलंच नाही. व्यापाऱ्याची गाडी शाळेपाशी उभी होती ती सभा संपताच निघून गेली. सभा पुन्हा बसणार आहे. विहिरीचा प्रश्न तसाच आहे, आणि तो सोडवल्याशिवाय जंगलही राहणार नाही, हे बराकालाही आता पटलंय. एवढं सांगून त्याने विचारलं, की तुझ्या बाबांना द्यायचा का फोन, ते इथेच बाहेर बसलेत.

नीमाने माझा हात धरला. मग ती फोनवर "दे" म्हणाली. पलीकडून एक जाडाभरडा, थकलेला आवाज आला. एकच वाक्य होतं. ते ऐकून तिने तोंडावर हात दाबला. मी घाबरून विचारलं, काय म्हणाले?

"विचारतायत," ती म्हणाली, "तुझं काही सांगायचं राहिलं का?"